एमिनेमच्या चाहत्याचे परंतु-रामायण

रॅप संगीताच्या अभ्यासात कलावंत, निर्माता आणि ध्वनिमुद्रण कंपनी या तीन घटकांचा विचार पुष्कळ झालेला आढळतो. मात्र ज्याच्या नाराजीवाचून या संगीताचे अर्धे वाङ्मय लिहिलेच गेले नसते, त्या चौथ्या घटकाची, म्हणजे जुन्या चाहत्याची, शास्त्रशुद्ध दखल क्वचितच घेतली जाते. जुना चाहता म्हणजे केवळ वयाने जुना नव्हे. रॅपरचा पहिला गाजलेला अल्बम ज्याने तो गाजण्याआधी ऐकला, किंवा तसा तो ऐकला होता असे जो पुढे पंचवीस वर्षे सांगत राहिला, त्यास येथे जुना चाहता म्हटले आहे. हा मनुष्य नव्या अल्बमची वर्षानुवर्षे वाट पाहतो, तो प्रसिद्ध होताच पहिल्या रात्री जागून संपूर्ण ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा साबण लावण्यापूर्वी त्याचा अपेक्षाभंग विधिवत पूर्ण झालेला असतो. या कामी दुपारपर्यंत वेळ घेणारा चाहता नवखा समजावा.

अपेक्षाभंग इतर संगीतप्रकारांतही होतो, हे खरे. पण रॅपमध्ये त्याला जे कायदेशीर स्वरूप येते ते या कलेच्या जन्मातच दडलेले आहे. रॅप म्हणजे ठेक्यावर, ज्याला तेथे बीट म्हणतात त्यावर, यमकबद्ध बोलणे. आणि या बोलण्याचा आद्य विषय निसर्ग, विरह किंवा ईश्वर नसून ‘माझ्याइतका चांगला बोलणारा दुसरा कोणी नाही’ हा आहे. दोन रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांची यमकांत खोड काढतात त्या सामन्याला बॅटल म्हणतात, आणि मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायची तर कलगी-तुऱ्याच्या फडापलीकडे जाण्याचे कारण नाही. फरक इतकाच की कलगीवाले शक्तीचे आणि तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडत असत, तर बॅटलमध्ये दोन्ही बाजू स्वतःचेच मांडतात आणि त्यामुळे तत्त्वज्ञानाचा बराच वेळ वाचतो. गायिका आपण सर्वश्रेष्ठ आहोत असे भैरवीत सांगत नाही, म्हणून भैरवी पडली तरी श्रोता हळहळून घरी जातो. रॅपर मात्र प्रत्येक अल्बममध्ये आपले सार्वभौमत्व शपथेवर जाहीर करतो. साहजिकच अल्बम कमी पडला तर चाहत्याला तो केवळ वाईट न वाटता खोट्या प्रतिज्ञापत्रासारखा वाटतो.

या व्याधीचा अभ्यास करण्यास डेट्रॉइटचा मार्शल मॅथर्स, म्हणजेच एमिनेम, याच्याइतके सोयीचे उदाहरण नाही, कारण त्याच्या कारकिर्दीची सुरुवातच दुसऱ्यांच्या अपेक्षाभंगापासून झाली. १९९६ साली ‘इन्फिनिट’ हा त्याचा पहिला अल्बम डेट्रॉइटमध्ये निघाला, फारसा खपला नाही, आणि ज्या मोजक्यांनी तो ऐकला त्यांनी हा मुलगा न्यूयॉर्कच्या नाझ या रॅपरची नक्कल करतो असा शेरा मारला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या रॅप ऑलिंपिक्स या स्पर्धेत तो दुसरा आला. ‘इन्फिनिट’च्या अपयशाच्या संतापातून त्याने स्लिम शेडी नावाचे एक पात्र रचले, जे त्याच्या तोंडून वाटेल ते बोलू शकत होते आणि बोललेही, डॉ. ड्रे या ज्येष्ठ निर्मात्याच्या कानी ते पडले. आणि १९९९ च्या ‘द स्लिम शेडी एलपी’नंतर २००० च्या मे महिन्यात आलेल्या ‘द मार्शल मॅथर्स एलपी’च्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सुमारे १७ लाख ६० हजार प्रती खपल्या. जुन्या चाहत्याचे पंचांग येथे थांबते. त्याच्या कालगणनेत २००० च्या आधी प्रागैतिहासिक काळ आहे आणि २००२ च्या ‘द एमिनेम शो’नंतर उतरता काळ, ज्यात सध्याची मानवजात राहते.

या पंथाची एक शाखा महाराष्ट्रातही रुजली. एका चकतीवर शंभरेक गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीडींच्या त्या काळात पुण्या-ठाण्याच्या वसतिगृहांतील तरुणांनी एमिनेमची कडवी ज्या निष्ठेने पाठ केली, त्या निष्ठेला रामरक्षेच्या पाठांतराचीच उपमा शोभेल: उच्चार बिनचूक, वेग दिपवणारा आणि अर्थ पुढेमागे कळेल या भरवशावर सोडलेला. तो अर्थ पुढे खरोखरच कळला, तेव्हा त्यातील काही जण बाप झाले होते आणि मोटारीत मागच्या आसनावर मूल बसलेले असताना ती गाणी लावता येत नाहीत, हा या शाखेचा स्वतंत्र, डेट्रॉइटहून न आलेला, अपेक्षाभंग होय.

उतरत्या काळाचा इतिहास थोडक्यात असा. २००४ च्या ‘एन्कोर’मधील काही गाणी प्रसिद्धीपूर्वीच बाहेर फुटली, ज्याला त्या व्यवसायात लीक होणे म्हणतात, आणि त्यांच्या जागी एमिनेमने घाईने दुसरी भरली, ती घाई श्रोत्यांना ऐकू आली. नंतर झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन, २००७ च्या अखेरीस अतिसेवनाने मृत्यूच्या दारातून परतणे, आणि २००९ साली ‘रिलॅप्स’, ज्यात त्याने जवळजवळ सगळीकडे एक चमत्कारिक, कोणत्याही देशात न आढळणारा हेल काढून रॅप केले. चाहते खवळले. तेव्हा २०१० च्या ‘रिकव्हरी’त खुद्द कलावंतानेच मागचे दोन अल्बम फसल्याची कबुली यमकात दिली, आणि हा खटला येथे निकालात निघायला हवा होता. पण जुना चाहता आरोपीच्या कबुलीने समाधानी होणारा न्यायाधीश नव्हे. एमिनेमने ‘रिलॅप्स’ला नावे ठेवताच त्या अल्बममध्ये काहीतरी असले पाहिजे असा संशय मूळ धरू लागला, आणि दहा वर्षांच्या आत तोच हेल, तेच विचित्र उच्चार, ‘आता तो तसे करत नाही’ या कारणास्तव दुर्मीळ कलागुणांत जमा झाले. ‘रिलॅप्स’चा जाहीर केलेला आणि मग सोडून दिलेला दुसरा भाग तर आता त्याची सर्वोत्तम कृती मानला जातो, तो निघालाच नसल्याने त्यात दोष दाखवणे कोणालाही शक्य झालेले नाही.

येथे तक्रारीच्या गाभ्याकडे वळणे भाग आहे, कारण जुन्या चाहत्याला हास्यास्पद ठरवणे सोपे असले तरी त्याचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. रॅपची पारख ज्या गुणांनी होते त्यांत फ्लो, म्हणजे शब्द ठेक्यावर बसवण्याची आणि प्रसंगी हेतुपुरस्सर ठेक्यावरून घसरवण्याची रीत, आणि बहुअक्षरी यमक, म्हणजे एकाच अंत्याक्षराऐवजी चार-चार, पाच-पाच अक्षरांचे पट्टे ओळीच्या पोटात जुळवण्याचे कसब, हे दोन मोठे मानतात. या दोन्हींत एमिनेम वयाबरोबर उणा झाला नाही, उलट वाढतच गेला, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. २०१३ च्या ‘रॅप गॉड’ या गाण्यात १,५६० शब्द सुमारे सहा मिनिटांत बसवल्याबद्दल गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एखाद्या कवितेची ख्याती तिच्यातील शब्दसंख्येमुळे व्हावी ही घटना साहित्याच्या इतिहासात वारंवार घडत नाही, पण मराठीला ती अगदी अपरिचितही नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांत ओठ न लावता उच्चारता येईल असे निरोष्ठ रामायण आहे, दाम रामायण आहे, मंत्ररामायण आहे, आणि परंतु रामायणही आहे. पंतांच्या शब्दप्रभुत्वापुढे मराठी रसिकाने नेहमी हात जोडले आणि मग ते हात तसेच जोडलेले ठेवून तो तुकारामाकडे गेला. रामाला वनवासात पाठवताना कवीचे लक्ष रामाकडे आहे की यमकाकडे, असा प्रश्न वाचकाला पडू लागला की पांडित्याचा विजय आणि काव्याची अडचण एकाच वेळी सिद्ध होते. उत्तरकालीन एमिनेम हा डेट्रॉइटचा मोरोपंत होय. पूर्वी तो एक गोष्ट सांगत असे आणि यमके तिच्यामागून धावत येत. आता यमके पुढे धावतात आणि गोष्ट, धाप लागलेल्या वऱ्हाड्यासारखी, बस चुकू नये म्हणून मागून पळते. जुन्या चाहत्याची समीक्षाही त्यामुळे परंतु रामायणाच्याच घाटाची बनली आहे: वेग अद्भुत आहे, परंतु, श्वासावरचा ताबा अमानुष आहे, परंतु, शब्दसंपत्ती अफाट आहे, परंतु. या ‘परंतु’नंतर काय येते ते त्याला नेमके सांगता येत नाही. चौदा वर्षांचा असताना हे संगीत ऐकून छातीत जे होत असे ते आता होत नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते, पण ते हृदयरोगतज्ज्ञाकडे सांगण्यासारखे वाटत असल्याने तो बीटला नावे ठेवतो.

या परंपरेचे शिखर म्हणजे १५ डिसेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झालेला ‘रिव्हायव्हल’. प्रकाशनापूर्वी ‘रिव्हायव्हल’ नावाच्या एका काल्पनिक औषधाची खोटी जाहिरात करण्यात आली. चाहत्यांनी ती जाहिरात एखाद्या हस्तलिखिताप्रमाणे तपासली आणि तिच्यात दडलेले संकेत उलगडण्यात जो आनंद मिळवला तो, पुष्कळांच्या मते, या अल्बमने दिलेला सर्वांत मोठा आनंद ठरला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एका पुरस्कार सोहळ्यासाठी मोटारतळावर चित्रित केलेल्या रॅपमध्ये एमिनेमने तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर तुटून पडून, आपल्या चाहत्यांपैकी जे ट्रम्प यांचेही समर्थक असतील त्यांनी दोघांपैकी एक निवडावा, असे बजावले होते. चाहत्याने कलावंताला सोडण्याची प्रथा जुनीच आहे. कलावंताने आगाऊ नोटीस देऊन चाहत्यांची छाटणी करण्याचा हा प्रकार मात्र नवा होता, आणि जे निवडून राहिले ते साहजिकच आपण आता काहीतरी खास मिळण्यास पात्र आहोत अशा भावनेने पंधरा डिसेंबरची वाट पाहू लागले.

मिळाली ती एकोणीस गाणी, सव्वा तासाहून अधिक लांबीची. त्यांत पाहुणे गायक होते, ज्यांना त्या व्यवसायात फीचर म्हणतात: बियॉन्से, एड शीरन, अलिशिया कीज, पिंक, केहलानी, स्कायलर ग्रे. पाहुण्याला एखादे धृपद देऊन यजमानाने कडवी म्हणावीत असा संकेत आहे. पण पिंकबरोबरच्या गाण्यात यजमान इतक्या उशिरा प्रवेश करतो की स्वतःच्याच घरच्या सत्यनारायणाला आरतीच्या सुमारास पोचलेल्या गृहस्थाची आठवण व्हावी. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात पाया म्हणून वापरण्याला सॅम्पल म्हणतात, आणि ही रीत मुळात निंद्य नाही. मराठी नाट्यपदांच्या माथ्यावर मूळ चालीचे नाव प्रामाणिकपणे छापण्याची पद्धत होतीच. परंतु ‘रिव्हायव्हल’साठी जोन जेटच्या आवाजात जगभर गाजलेले ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ आणि क्रॅनबेरीज या आयरिश चमूचे १९९४ चे ‘झॉम्बी’ ही गाणी निवडली गेली, जी इतकी सर्वज्ञात आहेत की श्रोता नव्या कडव्यांकडे लक्ष देण्याऐवजी मनातल्या मनात मूळचे गाणे पूर्ण करीत राहतो.

‘वॉक ऑन वॉटर’ या पहिल्या गाण्याची तर स्वतंत्र चिकित्सा व्हायला हवी. त्यात बियॉन्सेच्या संगतीने, पियानोच्या मंद स्वरांवर, एमिनेम कबूल करतो की लोकांच्या अपेक्षांचे ओझे आता पेलत नाही, आपण देव नसून माणूस आहोत, आणि लिहिलेले कागद चुरगळून टाकण्याची वेळ वारंवार येते. कलावंताचे असे मनोगत एरवी श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणते. जुन्या चाहत्याने मात्र ते शांतपणे ऐकून घेतले आणि या गाण्यात ढोल नाहीत अशी हरकत नोंदवली. अपेक्षाभंग होईल याची पूर्वसूचना देणाऱ्या गाण्याने अपेक्षाभंग करावा, ही कदाचित त्या गाण्याची शास्त्रीय सिद्धताच म्हणता येईल, पण त्याबद्दल एमिनेमला श्रेय दिल्याचे कोठे आढळत नाही. अल्बमच्या शेवटची दोन गाणी, ‘कॅसल’ आणि ‘अरोज’, ज्यांत लेकीला लिहिलेली पत्रे आणि २००७ च्या त्या रात्रीची रुग्णशय्या येते आणि काळ मागे फिरवून गोळ्या फेकून दिल्या जातात, ती मात्र उत्तम आहेत हे कट्टर निंदकही मान्य करतात. तेथवर पोचण्यासाठी आधीची सतरा गाणी ऐकावी लागतात, ही गोष्ट भीमाशंकराच्या पायऱ्यांसारखी पुण्यात धरावी की नाही यावर एकमत नाही.

एवढे होऊन ‘रिव्हायव्हल’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावरच उतरला, कारण अपेक्षाभंग झालेला चाहताही अल्बम ऐकतोच, आणि आपला अपेक्षाभंग नीट झाला आहे याची खात्री करण्यासाठी तो एकदा ऐकून भागत नसल्याने साधारणतः तृप्त चाहत्यापेक्षा अधिक वेळा ऐकतो. यादी बनवणाऱ्यांना हे दोन प्रकारचे ऐकणे वेगळे काढता येत नाही. उतारवयातही स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचा रसिक डोळे मिटून ऐके आणि समोरचे वय पाहायचे टाळत असे. त्या सौजन्याची सोय रॅपमध्ये नाही, कारण पंचेचाळीस वर्षांचा एमिनेम पंचेचाळीस वर्षांचा असल्याचे डोळे मिटल्यावरच अधिक स्पष्ट ऐकू येते. त्याने लेकीबद्दल बोलावे तर तो मवाळ झाला, जुन्या शिव्या द्याव्यात तर वयाला शोभत नाही. आहे तसा राहिला तर साचला, बदलला तर बाटला. या चारही आरोपांवर एकच चाहता एकाच संध्याकाळी सही करू शकतो आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

मात्र या व्यवहारातील खरा लाभार्थी कोण हे आठ महिन्यांनी उघड झाले. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, कोणतीही पूर्वसूचना न देता, काल्पनिक औषधे न विकता, एमिनेमने ‘कामिकाझे’ हा अल्बम प्रसिद्ध केला. मुखपृष्ठ बीस्टी बॉइज या चमूच्या १९८६ मधील अल्बमला वंदन करणारे, पाहुणे मोजके, लांबी पाऊण तास आणि विषय एकच: ‘रिव्हायव्हल’ला ज्यांनी ज्यांनी नावे ठेवली त्यांची नावनिशीवार हजेरी. अल्बममधल्या गाण्यांत अधूनमधून नुसत्या बोलण्याचे जे छोटे नाट्यप्रवेश घालतात त्यांना स्किट म्हणतात. येथे अशा एका स्किटमध्ये एमिनेमचा व्यवस्थापक पॉल दूरध्वनीवर निरोप ठेवतो की, बाबा रे, तुझ्याविषयी वाईट बोलणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देत बसणे खरोखर शहाणपणाचे आहे का. समोरच्याचे बोलणे न ऐकवता एकट्याच्याच बोलण्यातून सारा प्रसंग उभा करणारी ही चीज म्हणजे दिवाकरांची अस्सल नाट्यछटा होय, आणि तिच्या उत्तरादाखल येणाऱ्या दुसऱ्या नाट्यछटेत नायक अशाच एका टीकाकाराच्या घराकडे मोटार हाकत निघालेला असतो. जुना चाहता प्रसन्न झाला. रागावलेला, खुनशी, क्षुद्र कारणांसाठी जिवावर उठणारा तो जुना एमिनेम परत आला होता. आणि ज्याला तो शिव्या घालत होता त्या निंदकांच्या गर्दीत आपणही गेल्या डिसेंबरात पुढच्या रांगेत उभे होतो, याची चाहत्याला पुसटशीही आठवण राहिली नाही.

१९९६ च्या शेऱ्यांतून स्लिम शेडी जन्मला आणि २०१७ च्या नापसंतीतून ‘कामिकाझे’. स्तुतीतून या माणसाने आजवर काही धड बनवल्याचे उदाहरण सापडत नाही. तेव्हा जुना चाहता हा या कारखान्याचा ग्राहक नसून कच्च्या मालाचा पुरवठादार आहे, आणि ऊस उत्पादकाप्रमाणेच तोही वजनकाट्यावर आपली फसवणूक होते अशी तक्रार करीत दर हंगामात मोळी घेऊन हजर होतो. एमिनेमला हे फार पूर्वी उमगले असावे. २००० च्या ‘स्टॅन’ या गाण्यात उत्तर न मिळाल्याने उत्तरोत्तर बिथरत जाणाऱ्या एका चाहत्याची पत्रे आहेत आणि कलावंताचे समजूतदार उत्तर सगळे संपल्यावर येते. त्या चाहत्याचे नाव पुढे इंग्रजीत अतिनिष्ठ भक्त या अर्थी सामान्यनाम झाले आणि २०१९ साली मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशातही शिरले. ते गाणे हा आपल्यासारख्यांना दिलेला इशारा आहे, असे ते मुखोद्गत असणाऱ्या लक्षावधींपैकी कोणालाही वाटले नाही. प्रत्येकाला ते दुसऱ्या कोणाविषयी आहे असेच वाटत राहिले.

जुलै २०२४ मध्ये एमिनेमने जुन्या चाहत्याची मागणी एकदाची पुरी केली. जुना स्लिम शेडी परत आणा, असे वीस वर्षे ऐकून त्याने तो परत आणला, मधल्या एका गाण्यात त्याच्याशी कडाक्याचे भांडण केले आणि त्याला संपवले; अल्बमचे नावच ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’. या अल्बमचे पहिलेच गाणे कोणाच्याही कोणत्याही अल्बममध्ये खोट काढल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशा श्रोत्यांवर आहे. जुन्या चाहत्याने ते मान डोलावत ऐकले, असली माणसे या कलेचे वाटोळे करतात यास पूर्ण अनुमोदन दिले, आणि मग अल्बमची गाणी मोजली. तीही एकोणीसच भरली, तेव्हा त्याने सुस्कारा सोडला आणि दाढीचा साबण बाजूला ठेवून लिहायला घेतले.